ब्रेकमध्ये गेलेला प्रश्न

परवा टीव्हीवरच्या जाहीर चर्चेत एका उमेदवाराला चक्क प्रश्न विचारला गेला. मी माझ्या कानांनी ऐकला. अँकर हातातला कागद बघून म्हणाले, ‘भाऊ, मागच्या निवडणुकीत तुमच्या प्रतिज्ञापत्रात 2 कोटींची मालमत्ता होती, यंदा 11 कोटींची आहे. हे कसं काय?’ नाट्यगृह चिडीचूप. शेजारच्या खुर्चीतल्या विरोधी उमेदवाराने उपरणं सावरलं, कारण पुढचा नंबर त्याचा होता. भाऊंनी पाण्याची बाटली उघडली. अँकर कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘भाऊ काय उत्तर देतात ते पाहूया, एका छोट्याशा ब्रेकनंतर.’

ब्रेकनंतर भाऊंना विचारण्यात आलं, ‘वडापाव की मिसळ?’

भाऊ म्हणाले, मिसळ. टाळ्या पडल्या. विरोधी उमेदवार वडापाव म्हणाला आणि मतदारांपुढे दोन स्पष्ट पर्याय उभे राहिले.

माझी चौकशी एवढीच, की तो पहिला प्रश्न गेला कुठे? तशी वर्दी द्यायलाही मी तयार आहे. उंची दोन ओळी, अंगावर साधा पांढरा कागद, घरून निघताना बरोबर 11 कोटी होते, शेवटचा दिसला तेव्हा अँकरच्या उजव्या हातात होता. ब्रेक तसा लांबचा नव्हता. केबलच्या नियमांनुसार तासाला 12 मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यातली 10 इतरांची आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. एवढ्या वेळात एखादा धडधाकट प्रश्न जाऊन जाऊन जाणार किती लांब? मी जाहिराती पुन्हा नीट पाहिल्या. गुडघेदुखीच्या तेलाखाली तो नव्हता. भूकंपातही न वाकणाऱ्या सळयांच्या मागे नव्हता, तिथे नुसता वाकणारा अँकर आठवला. वेलचीच्या नावाने जे काही विकतात त्या पुडीत नव्हता. मग आली टू बीएचकेची जाहिरात, नदीच्या अगदी काठावर, म्हणजे पावसाळ्यात नदीच्या आत. ही इमारत बांधणारे गृहस्थ भाऊंचे सख्खे मेहुणे, आणि त्यांच्याच कंपनीचं नाव अँकरच्या डोक्यामागच्या पडद्यावर ‘प्रस्तुत’ या शब्दाच्या वर झळकत होतं. बिचारा प्रश्न सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ताबा मिळण्याची वाट बघत बसला असेल. म्हणजे पुढची निवडणूकही गेलीच.

बरं, हा प्रश्न शोधायला अँकरना रात्र जागावी लागली होती, असंही नाही. नमुना 26 मधलं प्रतिज्ञापत्र उमेदवाराला अर्जाबरोबर द्यावंच लागतं. स्वतःचं, वहिनींचं, अवलंबून असलेल्यांचं, सगळं सोनं, जमीन आणि कर्ज त्यात लिहावं लागतं, 5 वर्षांचं विवरणपत्रांतलं उत्पन्नही. ते निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर लागतं. वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येतं. अँकरचं काम फक्त ते मोठ्याने वाचून उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहण्याचं होतं. कदाचित उत्तर अगदी साधं असेल. जमिनीचे भाव वाढले असतील, वडिलोपार्जित काही वाट्याला आलं असेल. तसं असेल तर ब्रेकने भाऊंचाच घात केला. पण अँकरना गप्प उभं राहता येत नाही. बाटली उघडल्यापासून तोंडाला लागेपर्यंतचा वेळसुद्धा त्यांना सोसवला नाही.

त्यांना सोसवत नाही ती आणखी एक गोष्ट म्हणजे प्रेक्षकांतला माणूस. तिसऱ्या रांगेतल्या एका मावशींनी हात वर केला. माईक हातात पडल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्या चाळीत पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे तीनला, आणि...’ लगेच अँकर गरजले, ‘मावशी, भाषण नको, प्रश्न विचारा!’ अहो, त्या सभागृहात भाषण न केलेली ती एकटीच बाई होती! भाऊ अखंड बोलले, विरोधक अखंड बोलला, अँकरनी सुरुवातीला लोकशाहीचं महत्त्व सांगताना तर दोघांनाही मागे टाकलं. आणि मावशींच्या ‘आणि’नंतर माईक काढून घेतला. त्या ‘आणि’पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण पहाटे तीनला मीही बादली लावून बसतो. आणि पाणीपट्टी बारा महिन्यांची येते, एक दिवसाआडची नाही! आणि टँकरवाल्याचा मोबाइल नंबर नगरसेवकाच्या कार्यालयातून मिळतो, जणू टँकर म्हणजे सरकारी योजना! आणि हे सगळं भाऊंना तोंडावर विचारायला पाच वर्षांत एकदा नाट्यगृह उघडतं, वातानुकूलित, तर तिथे दारावरच माणूस उभा, कुणाचं वाक्य किती लांब ते मोजायला!

यालाच ते संतुलन म्हणतात. भाऊंना मालमत्तेबद्दल उत्तर द्यावं लागलं नाही, म्हणून विरोधकालाही विचारलं नाही. दोघांनाही अडचण नको. मावशींनाही उत्तर मिळालं नाही, तेव्हा तिन्ही बाजूंना समान न्याय.

कार्यक्रम संपल्यावर मंचावर फोटो झाले. मधोमध अँकर, दोन्ही खांद्यांवर एकेका उमेदवाराचा हात. निकालाच्या रात्री त्यातल्या जिंकलेल्या हाताला हेच अँकर पेढा देतील आणि विचारतील, ‘भाऊ, कसं वाटतंय?’ भाऊ सविस्तर सांगतील. तोवर पहाटेचे तीन वाजतील आणि मला बादली लावायला उठावं लागेल.