भूमध्य समुद्र, मुक्काम पोस्ट चेणे

रा. रा. ब्रोशरसाहेब यांस,



आपण कुशल असालच. आपल्या अंगावरचं लॅमिनेशन अजून जसंच्या तसं आहे, एक कोपराही दुमडलेला नाही. आमच्या इमारतीबद्दल असं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या पहिल्या पानावर निळाशार समुद्र आहे, त्याच्या काठाने पांढरी घरं आहेत, गॅलरीत पेला हातात धरून हसणारी एक गोरी बाई आहे आणि खाली ओळ आहे: 'भूमध्यसागरी बेटावर एक्स्पॅटसारखं जगा, ठाणे पश्चिमेत!' भूगोलाच्या पेपरात या ओळीला मी निम्मे गुण देईन. कारण बेट खरं आहे. आमचं चेणे साष्टी बेटावर आहे. उत्तरेला वसईची खाडी, पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, मधून वाहणारी चेण्याची नदी. या बेटावर खरे एक्स्पॅटही होऊन गेले. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत ते इथं ठाण मांडून होते. घोडबंदरचा किल्ला त्यांचाच. पण दोनशे वर्षं राहूनसुद्धा त्यांच्यापैकी कुणाला वसईच्या खाडीचं पाणी निळं दिसल्याची नोंद नाही. ते भाग्य आपल्या छायाचित्रकाराचं.

'ठाणे पश्चिम' हेही आपलंच संशोधन. आम्ही मालमत्ता कर भरतो तो मीरा-भाईंदर महापालिकेला. चोरी झाली तर ज्या पोलिस आयुक्तालयाकडे जातो त्याचं नाव मीरा-भाईंदर, वसई-विरार. ते २०२० मध्ये सुरू झालं. ठाणे पश्चिम फक्त आपल्या पानावर आणि आमच्या नातेवाइकांच्या समजुतीत आहे. पण ठाणे म्हटलं की दर वाढतो, हे आपल्याला कळतं. दर चौरस फुटाला चढतो आणि पत्ता बदलायला काही खर्च येत नाही.

आम्ही परळचे. गिरणगावातल्या चाळीचा पुनर्विकास होताना आमच्या वाट्याला आलेले पैसे आणि बँकेचं कर्ज असं दोन्ही घेऊन आम्ही आपल्या बेटावर उतरलो. आपल्या हिशेबात परळहून आलेला मी एक्स्पॅट ठरलो आणि दरभंग्याहून आलेला आमचा वॉचमन ठरला परप्रांतीय. असो. प्रवासाचं तिकीट दोघांनीही आपापल्या खिशातून काढलं आहे.

आता खर्चाकडे येतो, कारण आपल्या चोवीस पानांत तोच एक विषय नाही. घराची किंमत एक कोटी असा साधा आकडा घेऊ. बांधकाम चालू असताना घेतलं म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे पाच लाख. मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे सात लाख. नोंदणी फी तीस हजार. घर बायकोच्या नावावर केलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ती आम्ही घेतली आणि तेव्हापासून 'माझ्या घरात' या शब्दाने सुरू होणारी वाक्यं ऐकतो आहे. हे सरकारचं झालं, त्याबद्दल आपल्याला दोष नाही. त्यानंतर येतो फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यावर हवा जास्त म्हणून जास्त पैसे. मग व्ह्यू चार्ज. मग क्लब हाउसची वर्गणी, पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. व्ह्यू चार्ज भरून आम्ही जो व्ह्यू घेतला त्यात खाडीची एक राखाडी पट्टी दिसते. समोरची विंग पूर्ण झाली की तीही दिसणार नाही, पण ते पैसे परत करण्याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण आमच्या सोसायटीचं दिवाळं त्याच रंगातून निघतं आहे. ग्रीसच्या बेटांवर घरं चुन्याने पांढरी करतात. कारण तिथला उन्हाळा कोरडा असतो, ऊन भाजून काढतं आणि चुना ऊन परतवतो. पाऊस थोडा, तोही हिवाळ्यात. शिवाय चुना स्वस्त, घर दोन खोल्यांचं, शिडी घरची. आपण तोच रंग बावीस मजल्यांच्या इमारतीला दिलात आणि ती इमारत अशा ठिकाणी उभी केलीत जिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंत वाळायलाच सवड मिळत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात उत्तरेच्या बाजूने हिरवं शेवाळ चढलं, तिसऱ्यात ते काळं झालं. लांबून बघणाऱ्याला वाटतं इमारतीने कोट घातलाय. झोपाळ्यावर बसून रंग मारणारे कामगार, त्यांच्या दोऱ्या, त्यांचा विमा, वॉटरप्रूफिंग, या सगळ्याचं कोटेशन आलं तेव्हा वार्षिक सभेत कुणीतरी विचारलं की आपला सिंकिंग फंड नक्की कशात सिंक होतोय. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात टाकावी लागते आणि दुरुस्तीसाठी पाऊण टक्का. हे पैसे लिफ्ट बदलायला, पाइप बदलायला असतात. आमचे ग्रीसच्या उन्हाळ्यासारखं दिसण्यात चालले आहेत.

आणि गंमत म्हणजे माझ्या विंगचं नाव आपण ठेवलंत माल्टा. माल्टाची राजधानी व्हॅलेटा पांढरी नाहीच, साहेब. तिथलं सगळं बांधकाम मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडाचं, आणि त्यावर हिरव्या, लाल, निळ्या रंगाच्या लाकडी बंद गॅलऱ्या. त्या गॅलऱ्या ही त्या शहराची ओळख आहे. आमच्याकडे पहिल्या पावसात बेडरूममध्ये पाणी आलं म्हणून शेजाऱ्याने गॅलरी काचेने बंद केली, तर त्याला नोटीस गेली: 'एलिव्हेशन बिघडते.' बायकोने गॅलरीत दोरी बांधून साड्या वाळत घातल्या, तर दंड: 'भूमध्यसागरी सौंदर्याला बाधा.' इटलीतल्या पालेर्मोत गल्लीच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कपडे वाळत असतात आणि पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. दंड करणाऱ्या कमिटीला मी तसा फोटो दाखवला. कमिटी म्हणाली, ती झोपडपट्टी असेल.

पाण्याचा विषय नाजूक आहे. माल्टा बेटावर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. म्हणून ते लोक समुद्राचं पाणी गोडं करून पितात आणि नळ सोडतात. आमच्याकडे त्याच्या जवळजवळ चौपट पाऊस, दाराशी नदी, मागे जंगल. त्या जंगलातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव इंग्रजांच्या काळापासून मुंबईला पाणी पाजताहेत. सूर्या धरणातून ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायची योजना एमएमआरडीएने आखली, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. वसई-विरारला २०२३ च्या अखेरीस ते पोचलं. आमच्या शहराची वाट बघणं त्यानंतरही चालूच राहिलं. या योजनेतला मीरा-भाईंदरसाठीचा मोठा जलाशय कुठे बांधायचा ठरला? चेण्यात! अख्ख्या शहराचं पाणी आमच्या गावात साठणार आणि आमच्या फाटकावर सकाळी सहाला टँकर हॉर्न वाजवणार. तो टँकर प्रथम इन्फिनिटी पूल भरतो, कारण पूलचा फोटो आपल्या सातव्या पानावर आहे आणि आमच्या न्हाणीघराचा कुठेच नाही.

'ठाणे स्टेशन फक्त २० मिनिटं.' मिनिटं दिलीत, वार दिला नाहीत. जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर ज्या रस्त्याने जातात तो हाच घोडबंदर रोड. गायमुखच्या घाटात एक ट्रेलर कलंडला की इकडे फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत आणि तिकडे कासारवडवलीपर्यंत सगळे एक्स्पॅट एकाच किमतीचे होतात. पावसात घाटाचे खड्डे, खड्ड्यांसाठी दुरुस्ती, दुरुस्तीसाठी रस्ता बंद. माल्टात २०२२ च्या ऑक्टोबरपासून रहिवाशांना बसप्रवास मोफत आहे. आम्ही महापालिकेची बस मिळाली तर बसतो, नाहीतर शेअर रिक्षात चौथा म्हणून लटकतो, नाहीतर गाडी काढतो आणि क्लच झिजवतो. मीटरची रिक्षा २६ रुपयांपासून सुरू होते, पण चेण्याचं नाव काढलं की मीटर सुरूच होत नाही. 'उधर से खाली आना पडता है' हे अर्थशास्त्र पक्कं ठरलेलं. गायमुख ते मीरा रोड मेट्रो १० येणार, असं आपण पान अकरावर हिरव्या रेघेने दाखवलंय. इतर सगळ्या रेघा ठिपक्यांच्या असताना ही एकच अखंड आहे, याबद्दल आपल्या चित्रकाराच्या हिमतीला दाद.

महिन्याचं बिल बघताना माल्टाची एक गोष्ट फार आठवते. तिथं २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने चालू करारातल्या घरभाड्याला वर्षाला पाच टक्क्यांच्या वर चढता येत नाही. आमच्या मेंटेनन्सला असा लगाम नाही. तो साडेसात हजारांवर गेला की त्यावर अठरा टक्के जीएसटी. 'ऑलिव्ह गार्डन'चा माळी त्यातच. ऑलिव्हची रोपं पहिल्या जुलैत कुजली, आता तिथं फॉक्सटेल पाम आहेत. बिलात मात्र अजून ऑलिव्हच येतात.

पाल्मा नावाचं शहर आपल्या शेवटच्या पानावर आहे. मायोर्का बेटाची राजधानी, सूर्यास्ताचा फोटो. त्याच शहरात २०२४ मध्ये हजारो स्थानिक लोक मोर्चा काढून रस्त्यावर उतरले होते. बाहेरून आलेल्यांनी आणि पर्यटकांनी भाडी इतकी चढवली की त्यांना स्वतःच्या गावात घर परवडेना. हा फोटो आपल्याकडे नाही. इथल्या स्थानिकांचाही नाही. चेण्याच्या पाड्यांवरची बाई आमच्याकडे भांड्यांना येते, सर्व्हिस लिफ्टने. तिच्या घरापासून आमच्या फाटकापर्यंत दहा मिनिटं लागतात, आणि ही मिनिटं कुठल्याही वारी दहाच असतात. पावसाच्या सुरुवातीला तिच्याच पाड्याच्या बायका रस्त्याकडेला शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडं, कारण ती भाजीत घातली नाहीत तर घशाला खाज सुटते. पुढे टाकळा, कुरडू, कंटोली. साहेब, या बेटावर राहण्याचा जो काही खर्च मला परवडतो तो एवढाच, आणि तो आपल्या कुठल्याही पानावर नाही. नदी, जंगल, रानभाज्या आपण का नाही छापल्यात? त्यांवर चार्ज लावता आला नाही म्हणून?

आपण म्हणाल, प्रत्येक पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'चित्रे कलाकाराच्या कल्पनेतील.' वाचलं. भिंग लावून वाचलं. पण त्याहून मोठ्या अक्षरात एक कायदाही आहे. रेरा २०१६ चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू. त्याच्या बाराव्या कलमात आपलं नाव आहे, साहेब. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई विकासकाने द्यायची. म्हणजे आपण नुसते गुन्हेगार नाही, साक्षीदारही आहात. माझ्याकडे आपली एक प्रत शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. आपल्याला आजवर इतक्या मानाने कुणी ठेवलं नसेल.

आणि वाचकहो, घर बघायला जाल तेव्हा कॉफीबरोबर हातात येणारं ब्रोशर रद्दीत टाकू नका, तारीख घालून जपून ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो फोनने उघडा. तिथं मंजूर नकाशा दिसेल, कार्पेट एरिया दिसेल, ताब्याची तारीख दिसेल, कोर्टात काही चालू असेल तर तेही दिसेल. करारनामा नोंदवण्याआधी कुणी दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागितले, तर देऊ नका. कायद्याने विकासक तसे मागू शकत नाही. आणि पाणी कुठून येतं हे सेल्स ऑफिसात विचारू नका, पहाटे सहाला फाटकावर उभे राहून बघा.

आपला नम्र,
माल्टा विंगमधला एक रहिवासी,
चेणे, ता. जि. ठाणे