खारट पाण्याचा पुरावा

फ्रेंच भाषेत ‘न्वार’ म्हणजे काळा. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने हॉलिवूडच्या काही गुन्हेपटांसाठी हा शब्द वापरला आणि तेव्हापासून ज्या चित्रपटात रात्र अधिक व दिवस कमी असतो, गुप्तहेराची मिळकत बेताची असते, त्याच्याकडे काम घेऊन येणारी बाई सुंदर असूनही किंवा असल्यामुळेच खरे बोलत नाही आणि शेवटी न्यायाचा विजय होण्याऐवजी त्याची आडगावी बदली होते, त्या चित्रपटाला ‘फिल्म न्वार’ म्हणण्याचा प्रघात पडला. असा चित्रपट जुन्या काळात घडत असेल तर त्याला मराठीत कालपट म्हणावे की काळपट, याविषयी मतभेद संभवतात. दोन्ही शब्द लागू पडतात, एवढे मात्र खरे. सिंधुदुर्गातल्या शिरोडा गावातील प्रेक्षकाला काळा नायक-खलनायक नवा नाही, कारण जत्रेतल्या दशावतारात, म्हणजे देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या नाटकात, आरंभीच वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर येतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. गुन्हेगार कोण, हे तेथे पहिल्या प्रवेशातच कळलेले असते, आणि तरीही कोणी उठून जात नाही.

या जातीचा सर्वमान्य नमुना म्हणून ‘चायनाटाउन’ या १९७४ च्या अमेरिकन चित्रपटाचे नाव घेतले जाते. दिग्दर्शन रोमान पोलान्स्कीचे, पटकथा रॉबर्ट टाउनची. ऑस्करची नामांकने ११ आणि हाती आलेले पारितोषिक एक, तेही पटकथेचे. कथानक १९३७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. नवराबायकोच्या भानगडी शोधून पोट भरणारा गुप्तहेर जेक गिटिस (जॅक निकल्सन) शहराच्या पाणीखात्याच्या मुख्य अभियंत्यावर पाळत ठेवतो, आणि हा अभियंता ऐन दुष्काळात बुडून मरतो. चित्रपटाच्या जगभरातील चाहत्यांना या विरोधाभासाचे फार कौतुक वाटते. शिरोड्यात मात्र मतभेदाला सुरुवात होते ती येथूनच, आणि त्याचे कारण मीठ हे आहे.

मृताच्या फुप्फुसांत खारे पाणी सापडते, पण प्रेत तर गोड्या पाण्याच्या तलावात मिळालेले असते. त्याच्या घरच्या बागेतील तळे खाऱ्या पाण्याचे आहे, हे गिटिसच्या ध्यानात यायला बराच वेळ जातो. वास्तविक जपानी माळी त्याला आधीच तळ्याकाठचे मेलेले गवत दाखवून पाणी वाईट असल्याचे सांगतो, परंतु माळ्याच्या उच्चारात ‘र’चा ‘ल’ होत असल्याने गवताचा इंग्रजी शब्द काचेच्या शब्दासारखा ऐकू येतो आणि गुप्तहेर हसून पुढे जातो. आता शिरोडा हे मिठागरांचे गाव आहे. मिठागर म्हणजे खाडीतून भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवायची जागा. मिरगाचा पाऊस येण्याआधी तयार मीठ उचलून ढीग लावायचे आणि झाकायचे, अन्यथा वर्षाची मेहनत जिथून आली तिथे परत जाते. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की भाताचे आणि गवताचे काय होते, हे या किनाऱ्यावर शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. त्यामुळे जळके गवत पडद्यावर दिसताच ‘तळ्यात मीठ खयसून इला?’ हा प्रश्न येथील प्रेक्षक मोठ्याने विचारतो आणि सुमारे १३० मिनिटांच्या चित्रपटातील मुख्य दुवा तिथल्या तिथे निकालात काढतो. रहस्य फुटल्यामुळे चित्रपट फसला, असे एक मत त्यातून तयार होते. दुसरे मत असे की चित्रपट उत्तम आहे, केवळ गुप्तहेर मठ्ठ आहे, आणि त्याला चार दिवस मिठागरावर कामाला लावला असता तर पटकथा निम्म्यावर आली असती. ज्या गावाने मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी आलेल्या स्वयंसेवकांना आणि त्यांच्यावर चालून आलेल्या पोलिसांना पाहिले, तेथे मीठ हा पुरावा असू शकतो याचे नवल वाटण्याचे कारण नाही. सरकारच्या लेखी एके काळी मूठभर मीठ हाच गुन्हा होता.

जमिनीच्या प्रकरणातही हीच गत होते. शहराचे पाणी चोरून वळवायचे, कोरड्या पडलेल्या जमिनी मातीमोलाने घ्यायच्या आणि त्या वृद्धाश्रमातील, कागदपत्रांची गंधवार्ताही नसलेल्या म्हाताऱ्यांच्या नावावर चढवायच्या, असा कट गिटिस उघडकीला आणतो. त्यांतील एक खरेदीदार तर खरेदीपूर्वीच वारलेला निघतो. जाणकार समीक्षक या प्रसंगाला भांडवलशाहीच्या ऱ्हासाचे प्रतीक मानतात. सिंधुदुर्गातील प्रेक्षक त्याकडे सातबारा म्हणून पाहतो. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा उतारा असून त्यात जमीन कोणाची व तीत पीक कोणते, याची नोंद असते. कोकणातील सामाईक जमिनींच्या उताऱ्यांवर दोन पिढ्यांपूर्वी कैलासवासी झालेले आजोबा, त्यांचे मुंबईत स्थायिक झालेले पुतणे आणि कोणालाच न आठवणारी एक आत्या हे सर्व गुण्यागोविंदाने नांदत असतात. मेलेल्या माणसाने जमीन घेतली म्हणून गिटिस चकित होतो, तेव्हा येथील प्रेक्षक वारसनोंद राहिली असेल एवढेच म्हणतो.

सर्वांत तीव्र मतभेद मात्र माशावरून होतात. चित्रपटातील खलपुरुष नोआ क्रॉस (जॉन ह्यूस्टन) गिटिसला जेवायला बोलावतो आणि ताटात मुंडक्यासकट अख्खा मासा येतो. त्या माशाच्या डोळ्याकडे पाहून पाश्चात्त्य प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो आणि यजमानाचे क्रौर्य त्याला जाणवते, असे सांगतात. शिरोड्याच्या बाजारात मुंडके कापलेला मासा मांडला असता तरच संशय घ्यायला जागा झाली असती, कारण मासा ताजा की शिळा हे डोळ्यांवरून आणि कल्ल्यांवरून ठरते. पाहुण्यापुढे डोळा ठेवून मासा वाढणारा माणूस म्हणूनच येथे सरळ ठरतो, आणि क्रॉसची खरी ओळख पटेपर्यंत अर्धे गाव त्याच्या बाजूने असते.

ती ओळख पटते तेव्हा विनोद थांबतो. क्रॉसने स्वतःच्या मुलीवर अत्याचार केलेला असतो, आणि त्यातून जन्मलेल्या नातीलाही तो आपल्या ताब्यात घेऊ पाहतो. पैसा त्याला पुरेसा आहे. त्याला भविष्यकाळही हवा आहे. या ठिकाणी शिरोड्यातील निवृत्त शिक्षक चष्मा काढतात आणि ‘ययाति’चे नाव घेतात. त्यांना तो अधिकार आहे, कारण त्या कादंबरीचे लेखक वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे गिटिस लॉस एंजेलिसमध्ये भटकत होता त्या १९३७ साली खांडेकर येथे वर्ग घेत होते, आणि आदल्याच वर्षी त्यांच्या लेखणीतून मास्टर विनायकांचा ‘छाया’ हा चित्रपट आलेला होता. योगायोग असा की ‘ययाति’साठी त्यांना लाभलेला ज्ञानपीठ पुरस्कारही १९७४ चाच आहे. आपल्या मुलाकडून तारुण्य मागून घेणारा भोगी बाप आणि आपल्या मुलीचे आयुष्य ओरबाडणारा हा म्हातारा, दोघे एका घराण्याचे दिसतात. भेद एवढाच की ययातीला अखेर उपरती होते आणि क्रॉसला ती शिवतही नाही. म्हणून शिक्षकांच्या मते चित्रपटाचे शेवटचे प्रकरण लिहायचे राहून गेले आहे.

शिक्षकांचा आक्षेप वाटतो तितका खेडवळ नाही. खुद्द टाउनला शेवट वेगळा हवा होता. मुलीच्या हातून क्रॉसचा अंत व्हावा, असे त्याने योजले होते. पोलान्स्कीने हट्टाने मुलीला मारले आणि म्हाताऱ्याला मोकळे सोडले. या चित्रपटाविषयी पहिला मतभेद अशा रीतीने तो पूर्ण होण्यापूर्वीच, त्याच्या कर्त्यांमध्येच झाला. पुढे १९७७ मध्ये पोलान्स्कीवर एका अल्पवयीन मुलीसंबंधीचा खटला झाला, त्याने गुन्ह्याची कबुली दिली आणि १९७८ मध्ये शिक्षेच्या निकालाआधी तो अमेरिकेतून निघून गेला. त्यामुळे हा चित्रपट आता पाहावा की न पाहावा, हाही वाद त्याच्या मानगुटीवर बसला आहे, आणि तो वाद पोकळ नाही.

मराठीत या जातीचा प्रयोग निखिल महाजन यांनी ‘पुणे ५२’ मध्ये केला. जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या आणि १९९२ च्या पुण्यात घडणाऱ्या या चित्रपटाचे नाव कर्वेनगरच्या ४११०५२ या पिनकोडवरून आले. त्यातील अमर आपटे (गिरीश कुलकर्णी) हा गुप्तहेरही परक्यांच्या संसारातील भानगडी शोधता शोधता स्वतःच्या संसाराला मुकत जातो. गुप्तहेर आहे म्हणजे शेवटी सर्वांना दिवाणखान्यात बसवून उलगडा होणार, या अपेक्षेने आलेला प्रेक्षक रुसला, तर मराठीत इतका अंधार कोणी दाखवला हेच पुष्कळ, असे म्हणणारा प्रेक्षक खूश झाला. आपटे आडनावाचा माणूस अशा धंद्यात कसा, अशी शंका घेणाऱ्यांचाही एक पंथ असावा; त्याची नोंद येथे केवळ परिपूर्णतेसाठी.

दशावताराच्या प्रेक्षकाची अडचण याहून निराळी आहे. अंधाराची त्याला भीती नाही; तो रात्रभर अंधारातच बसतो. पण पहाटेला दहीकाला होतो, हंडी फुटते आणि दैत्य मेलेला असतो, हा करार त्याने गृहीत धरलेला असतो. शेजारच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावात फेरी मारून राखण करतो अशी श्रद्धा असून झिजतील म्हणून त्याला मोठमोठ्या चामडी चपला आणि नवसाचे केळ्यांचे घड वाहिले जातात. रात्रीच्या पाळतीची फी केळ्यांत घेणारा आणि तरीही कामगिरी फत्ते करणारा हा राखणदार ज्याने पाहिला आहे, त्याला दिवसाचे ठरलेले डॉलर आणि वर खर्च वसूल करून शेवटी हात हलवत परतणारा गिटिस कसा पटावा? ‘मगे म्हातारो सुटलो कसो?’ हा प्रश्न त्यामुळे शेवटची पाटी पडून गेल्यावरही ओसरीवर बराच वेळ राहतो. मे महिन्यात मुंबईहून आलेला नातू, ज्याच्या लॅपटॉपवर हे सर्व घडलेले असते, तो व्यवस्था, सत्ता आणि नियतीची अपरिहार्यता यांवर बोलू लागतो.

समोर सूप घेऊन सुकट निवडत बसलेल्या आजीने या चर्चेत भाग घेतलेला नसतो. तिला इंग्रजी येत नाही, आणि पाण्याच्या, जमिनीच्या व खात्याच्या राजकारणाकडे तिचे लक्ष नसते. परंतु चित्रपटाच्या पूर्वार्धात एक ठेंगणा गुंड (ही भूमिका पोलान्स्कीनेच केली आहे) चाकूने गिटिसची नाकपुडी चिरतो आणि त्यानंतर हॉलिवूडचा हा नामवंत नट आधी भल्यामोठ्या पट्टीने व मग उघड्या टाक्यांनी वावरतो, तेवढे मात्र तिने एकटक पाहिलेले असते. सुकटीतला कचरा बाजूला सारत ती नातवाला एकच विचारते : ‘मगे नाक बरा झाला काय तेचा?’