फुलपाखरांची पंगत

मे महिन्यात आंबोलीला माणसं थंड हवेसाठी जातात. आमचा गट फुलपाखरांसाठी गेला आणि थंड हवेच्या ठिकाणी जाऊन भर उन्हात उभा राहिला. कारण ऊन तापल्याशिवाय फुलपाखरं पंख हलवत नाहीत. सगळ्यांचे कपडे पाचोळ्याच्या रंगाचे, काकांच्या खांद्यावर तोफेएवढी लेन्स. काकू मात्र लालभडक साडी नेसून, धपाट्यांचा डबा घेऊन.

गटप्रमुखांनी आम्हाला घाणेरीच्या फुलांपुढे मौनव्रतात उभं केलं. दोन पिवळी फुलपाखरं आली, गेली. मग जीपमागून ड्रायव्हरची हाक आली, "साहेबानू, थंय काय बघतास? हंय येवा!"

सकाळी त्याने जिथे आडोसा शोधला होता, तिथल्याच ओल्या मातीवर ब्लू बॉटल आणि कॉमन जे यांची पंगत बसली होती. सोंडा खुपसून सगळे तल्लीन. शेजारच्या शेणावर खुद्द ब्लू मॉर्मन! २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. एवढ्या हुद्द्याच्या असामीला असं जेवताना पाहून आम्हीच ओशाळलो.

गटप्रमुखांनी खुलासा केला: मधात साखर भरपूर, पण मीठ नाही. म्हणून नर चिखलातले, मुतातले क्षार शोषतात आणि मीलनाच्या वेळी मादीला आहेर करतात.

"कुठून आणला ते सांगत नसतील," काकू म्हणाल्या.

काका जमिनीवर पालथे झाले. पण त्या लेन्सला जवळचं दिसेना, म्हणून ते फोटोसाठी पोटावर मागे मागे सरपटत गेले. कशावरून, ते ड्रायव्हरने त्यांना सांगितलं नाही.

दुपारी उंबरावर धनेश दिसला, चोचीत फळं भरून घेणारा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, स्वतःच्याच विष्ठेने दार लिंपून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला आणि पिल्लाला कित्येक आठवडे भरवतो. काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, झाकण न काढताच.

रात्री मुक्कामाच्या घरी दिव्याखाली मून मॉथ येऊन बसला. फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. सुरवंट असताना जे चरला असेल, त्या शिदोरीवर आठवडाभराचं आयुष्य.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "म्हणजे चहासुद्धा नाही?"