‘इंजि.’ या पूर्वपदास अनावृत पत्र

प्रति,
माननीय ‘इंजि.’,
मुक्काम : लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक आणि मोटारीची मागची काच

विषय : नावाआधीची जागा न सोडता नावानंतरची जागा मिळवण्याबाबत.

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातील लग्नपत्रिकांत ‘डॉ.’, ‘ॲड.’ आणि ‘सीए’ यांच्या पंगतीला आपण ज्या निश्चिंतपणे बसता, तो निश्चिंतपणा खरोखर अभ्यासण्याजोगा आहे, कारण ‘ॲड.’च्या पाठीशी १९६१ चा अधिवक्ता कायदा आणि ‘सीए’च्या पाठीशी १९४९ चा सनदी लेखापाल कायदा उभा असतो, वास्तुविशारदालाही १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी केल्यावाचून ते बिरुद लावता येत नाही, आपल्यासाठी मात्र संसदेने असा कोणताही कायदा केलेला नसल्याने अंतिम वर्षाचा निकाल लागताच, आणि उत्साही घरांत तर प्रवेशाची यादी लागताच, आपले शुभागमन होते. काही महानगरपालिका संरचना अभियंत्यांना परवाने देतात हे खरे, पण एवढ्याशा अपवादाने आपल्या स्वातंत्र्यास बाध येत नाही.

आपला एक दूरचा नातलग ‘चार्टर्ड इंजिनिअर’, म्हणजे सनदी अभियंता, या नावाने ओळखला जातो आणि तो नावाआधी नव्हे तर नावानंतर येतो, हे या निमित्ताने नम्रपणे कळवणे आवश्यक आहे. सनद म्हणजे राजाज्ञेने संस्थेस मिळालेला अधिकारलेख. लंडनमध्ये १८१८ मध्ये स्थापन झालेल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेला तो १८२८ मध्ये मिळाला, आणि १९८१ पासून ब्रिटनमधील सर्व शाखांच्या सनदी अभियंत्यांची नोंदवही इंजिनिअरिंग कौन्सिल ही संस्था सांभाळते. नुसता ‘इंजिनिअर’ हा शब्द तिकडेही मोकळा असून कपडे धुण्याचे यंत्र दुरुस्त करणाराही तो वापरू शकतो. संरक्षण आहे ते ‘चार्टर्ड’ या विशेषणासह येणाऱ्या बिरुदाला.

हे बिरुद मिळवण्याची रीत मात्र आपल्यासारख्या सुखवस्तू पूर्वपदास अंमळ गैरसोयीची वाटेल. पदवी ही तेथे शेवट नसून पहिली पायरी मानली जाते. शिक्षण पदव्युत्तर पातळीचे असावे, किंवा पुढील अभ्यासातून व कामातून उमेदवार त्या पातळीला पोहोचल्याचे त्याला दाखवता यावे, अशी अपेक्षा असते. त्यानंतर पाच अंगांनी क्षमता सिद्ध करावी लागते : अभियांत्रिकी ज्ञान, त्या ज्ञानाने प्रत्यक्ष प्रश्नांची केलेली उकल, जबाबदारी व नेतृत्व, संवादकौशल्य, आणि सुरक्षितता, पर्यावरण व नीतिनियम यांविषयीची व्यावसायिक बांधिलकी. किती वर्षे नोकरी झाली यापेक्षा त्या वर्षांत कोणते निर्णय स्वतः घेतले याला महत्त्व असल्याने, खुर्चीत मुरलेली ज्येष्ठता येथे फारशी कामास येत नाही. उमेदवाराने आपल्या कामाचा लेखी अहवाल द्यायचा, जाणकार अभियंत्यांनी त्यास पुष्टी द्यायची, आणि मग समव्यावसायिक परीक्षकांनी मुलाखतीत तो अहवाल उलटून पाहायचा, असा हा क्रम आहे.

या मुलाखतीत ‘आमच्या कंपनीने पूल बांधला’ हे भारदस्त वाक्य कुचकामी ठरते, कारण पुलाचा कोणता भाग उमेदवाराच्या डोक्यातून उतरला, तेथे काय चुकू शकले असते आणि ते चुकू नये म्हणून त्याने काय केले, हेच परीक्षकांना हवे असते. ‘आम्ही’ या सर्वनामाच्या छायेत वाढलेल्या आपल्यासारख्यांची तेथे पंचाईत होणे साहजिक आहे. शिवाय बिरुद मिळाल्यावरही वार्षिक वर्गणी भरणे, ज्ञान अद्ययावत ठेवल्याची नोंद करणे आणि आचारसंहिता पाळणे चुकत नाही. म्हणजे हे वतन नव्हे, चाकरी बजावली तरच टिकणारा हुद्दा आहे.

भारतातही या नातलगाचे घर आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि कोलकात्यात मुख्यालय असलेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ या संस्थेस १९३५ मध्ये राजसनद मिळाली, आणि तिच्या ठरावीक श्रेणींतील सभासदांना सनदी अभियंता म्हणवून घेता येते. त्याची आठवण मात्र बहुधा परदेशातून जुने यंत्र बंदरात उतरले, की त्याचे वय व किंमत ठरवण्यासाठी होते. निर्यातीच्या अटीवर सवलतीच्या शुल्काने आणलेले यंत्र कारखान्यात बसवल्याचा दाखलाही त्याच्याकडून चालतो. जुन्या यंत्राला ज्याची सही लागते, त्याची गरज नव्या पुलाला वाटत नाही, ही व्यवस्था आपल्या सोयीची असली तरी पुलावरून जाणाऱ्यांच्या सोयीची आहे असे म्हणता येत नाही.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्याने आता सारे आपोआप होईल, अशीही आपली समजूत दिसते. १९८९ चा हा करार मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्यांना परस्परांच्या देशांत समकक्ष मानण्यापुरता आहे. तो पहिल्या पायरीपर्यंत हात धरतो, जिना चढवत नाही.

येत्या १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाच्या फलकावर, आपण पुन्हा विश्वेश्वरय्यांच्या छायाचित्राखाली ओळीने उभे राहाल. खडकवासल्याच्या जलाशयावर १९०३ मध्ये बसलेले स्वयंचलित दरवाजे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येते, आणि त्या नावाला आपल्या आधाराची गरज भासलेली नाही. तेव्हा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एक वही घालावी, तीत स्वतः घेतलेला प्रत्येक तांत्रिक निर्णय, त्याचे कारण आणि त्यातली चूक तारखेनिशी लिहावी, आणि ती वही भरेपर्यंत पुढच्या लग्नपत्रिकेतून रजा घ्यावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.