जुनी टाकून देतो!

नव्या लॅपटॉपला हळदीकुंकू वाहून होतं न होतं तोच दारात जो गृहस्थ उभा राहतो, त्याचं नाव प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं. आमच्याकडे ते नाना आहेत. तुमच्याकडे अण्णा असतील, निवृत्त मास्तर असतील, नाहीतर ‘कॉम्प्युटरचं सगळं करतो’ अशी ख्याती असलेला कुणाचा तरी भाचा असेल. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. “यात काय घालून दिलंय कंपनीनं?” मग झाकण उघडायचं, किडकं वांगं उलटंपालटं करून पाहावं तसं स्क्रीनकडे पाहायचं आणि निकाल द्यायचा, “छ्या! हे काढू. मी जुनी टाकून देतो.”

नाना नव्याचे वैरी आहेत, असं समजू नका. नवा लॅपटॉप घ्या म्हणून मागे लागतात तेच. रॅम किती, हार्डडिस्क किती, यावर दुकानदाराशी हुज्जत घालून बॅग आणि माउस फुकट पदरात पाडतात तेही तेच. त्यांचं वाकडं आहे ते फक्त आत आलेल्या विंडोजशी. २००७ साली व्हिस्टा आली, तेव्हा त्यांनी बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या लॅपटॉपवरून ती हुसकावली आणि एक्सपी टाकली. २००९ला विंडोज ७ आली, तेव्हा ‘व्हिस्टालाच रंग मारलाय’ म्हणाले. २०१२ला आठ आली, तेव्हा तिला काढून जी टाकली ती हीच रंग मारलेली सात.

व्हिस्टाच्या बाबतीत नानांचं चुकलं, असं मला म्हणवत नाही. एक्सपी १२८ एमबी रॅममध्ये सुखानं नांदायची. व्हिस्टाला किमान ५१२ लागायची, आणि तेवढीच घालून विकलेला लॅपटॉप सुरू व्हायला घेतला की एकीकडे चहा टाकून, गाळून, पिऊन व्हायचा. त्यात काही करायला जावं तर स्क्रीन काळवंडायची आणि ‘तुमची परवानगी आहे ना?’ ही विचारणा यायची. नानांचा खरा संताप त्यावर होता. “माझं मशीन, माझे पैसे, आणि हे मलाच विचारतंय?” एका ओळीत नानांचं तत्त्वज्ञान म्हणायचं तर हेच.

कायदाही त्यांच्या बाजूनं होता, निदान अर्धा. व्हिस्टाची बिझनेस किंवा अल्टिमेट आवृत्ती लॅपटॉपबरोबर घेतलेल्यांना एक्सपी प्रोफेशनलवर उतरायचा हक्क परवान्यातच दिलेला होता. पुढे विंडोज ८ प्रो वाल्यांना सात प्रोफेशनलवर किंवा व्हिस्टा बिझनेसवर उतरायची मुभा मिळाली. (आठवरून व्हिस्टावर उतरण्याचा हक्क कुणी बजावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) नानांना हे कलम तोंडपाठ आहे. घरगुती आवृत्त्यांना हा हक्क नसतो, हे पुढचं वाक्यही पाठ आहे. ते फक्त मनातल्या मनात म्हणतात.

त्या काळात नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकणं म्हणजे मर्दुमकी होती. एक्सपीच्या सीडीला साटा हार्डडिस्क ओळखता यायची नाही. सेटअप निम्म्यात निळ्या स्क्रीनवर आपटायचा आणि खाली आकड्यांच्या शेवटी ‘७बी’ दिसायचं. ड्रायव्हर द्यायची सोय होती, एफ६ दाबून. पण तो द्यायचा फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी तर लॅपटॉपमधून केव्हाच हद्दपार झालेली. नाना बायोसमध्ये शिरून एएचसीआयचं आयडीई करायचे. मग गाडी सुरळीत सुरू व्हायची आणि डाव्या बाजूला ‘अंदाजे ३९ मिनिटं’ अशी पाटी लागायची. ही ३९ मिनिटं नानांची हक्काची. एवढ्यात पोहे होतात, हे ते यजमानांना स्वतःच सांगत.

पण नाना नीट पाहायचे तर २०१३च्या भाऊबीजेला पाहायला हवे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना भावानं ओवाळणीत लॅपटॉप घातला, आत विंडोज ८. उघडला की रंगीत चौकटीच चौकटी, एकीत हवामान, एकीत शेअर बाजार. आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण गायब. वहिनींची अडचण साधी होती. चालू तर झाला, बंद कसा करायचा? त्यासाठी माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी सरकत येते, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शटडाउन. हे त्यांना कोण सांगणार! दोन दिवस त्यांनी नुसतं झाकण मिटलं. तिसऱ्या दिवशी नानांना निरोप गेला.

नाना आले ते पाऊच घेऊन. काळ्या रेक्झिनचा, चेन गेली म्हणून रबरबँड लावलेला. आतल्या प्रत्येक सीडीवर मार्करनं वळणदार कारकुनी अक्षरात शेरा: ‘एक्सपी एसपी ३, चांगली’, ‘एक्सपी, मध्येच अडकते’, ‘सात, ६४ बिट, हीच वापरणे’. एकीवर ‘व्हिस्टा’ आणि पुढे नुसती फुली.

लॅपटॉप सुरू करून त्यांनी एफ२ टकटकवायला घेतलं. आठ इतक्या घाईनं उठते की बटणाला दाद मिळेना. मग एफ१२, मग एस्केप, मग पुन्हा एफ२. शेवटी बायोस उघडलं. सिक्युअर बूट बंद, लेगसी सुरू, डीव्हीडी आत. भाषा निवडा, पुढे, पुढे. आणि सातनं कळवलं की या डिस्कवर मी बसू शकत नाही, हिची मांडणी जीपीटीची आहे. खरं तर लेगसीचा हट्ट सोडून यूईएफआयमधूनच सुरुवात केली असती, तर ६४ बिटची सात त्याच मांडणीवर बसली असती. पण तडजोड नानांच्या रक्तात नाही.

“वहिनी, यात महत्त्वाचं काही नाही ना तुमचं?”

“काही नाही हो. भाऊबीजेचे फोटो आहेत तेवढे.”

“ते काय, पुन्हा काढता येतील,” म्हणत नानांनी एकेक पार्टिशन उडवायला घेतलं. सगळी जागा मोकळी झाली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. मूळ विंडोज परत टाकता यावी म्हणून कंपनीनं राखून ठेवलेलं रिकव्हरी पार्टिशनही त्यात गेलं. “उगाच जागा अडवून बसलं होतं,” हा त्यावरचा मृत्युलेख.

तासाभरात सात उभी राहिली. स्टार्टचं बटण जागेवर आलं, वहिनींचे डोळे पाणावले. पण आवाज नाही, वायफाय नाही, अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, आणि ब्राइटनेस कमी होईना. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पिवळ्या उद्गारचिन्हांची ओळ. ड्रायव्हर इंटरनेटवर असतात आणि इंटरनेटला ड्रायव्हर लागतो, या पेचावर नानांचा उपाय म्हणजे जिना. वर्तमानपत्राच्या कडेला वायफायच्या कार्डाचे व्हेन आणि डेव्हपुढचे आकडे उतरवून घ्यायचे, खाली आपल्या घरी जायचं, शोधायचं, पेन ड्राइव्ह घेऊन वर यायचं. चहा झाला, पोहे झाले, शेवटी ताटही वाढलं गेलं. रात्री लॅपटॉपमधून पहिला आवाज निघाला तेव्हा घरात पुत्रजन्माचा आनंद झाला. दोन बोटांनी पान सरकवणं मात्र गेलं ते गेलंच. “त्याची सवय वाईटच,” नाना म्हणाले.

त्याआधी तीनच आठवडे, १७ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं ८.१ फुकट द्यायला सुरुवात केली होती. तिच्यात स्टार्टचं बटण परत आलेलं होतं. हे नानांना सांगायला बिल्डिंगमध्ये कुणी धजलं नाही.

चेष्टा पुरे. एका जागी मी नानांना दंडवत घालतो, ती म्हणजे प्रिंटिंग प्रेस. लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक जुळवणारे आमचे डीटीपीवाले अजूनही पेजमेकरवर बसलेले सापडतात. त्याचं ७.० हे रूप २००१ सालचं, त्यानंतर अडोबीनं नवा अवतार काढलाच नाही. फाँट युनिकोडच्या आधीचे, प्रत्येक कंपनीची अक्षरांची जुळणी वेगळी. फाँट बदलला की ‘श्री गणेशाय नमः’चं गिचमिड. त्या फाँटांवर कुलूप म्हणून डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची किल्ली. प्रेसचं जुनं मशीन बसलं आणि नवीन आलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण वर्षानुवर्षांचं काम पेजमेकरच्या फायलींत आहे आणि नव्या विंडोजवर हे सगळं चालेल याची खात्री नाही. तिथे नाना दिवसभर खपून एक्सपी टाकतात, नेटची वायर काढून ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. तिथे जुनी टाकणं हाच शहाणपणा.

घरी मात्र नेटची वायर कोण काढणार? एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ला थांबलं. नाना म्हणायचे, “अहो, बँकेची एटीएम एक्सपीवर चालतात!” चालत होती खरी. जून २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना वर्षभराची मुदत घालून असल्या सपोर्ट संपलेल्या विंडोज एटीएममधून काढायला सांगितलं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरच्या मशीनना कुलपं घातली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं खास बाब म्हणून एक्सपीसाठीही पॅच काढला. तो नानांनी विजयोत्सव म्हणून साजरा केला. “बघा, अजून विचारतात तिला!”

हल्ली अकरा आली आहे. आधीच्या मशीनवर ती चढवून घेतली असेल तर १० दिवसांत सेटिंग्जमधलं एक बटण दाबून दहावर परतता येतं. नानांना ती सोय अपमानास्पद वाटते. ना पाऊच, ना बायोस, ना पोहे. अकरा घालूनच आलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बटण कामाचं नाही, एवढाच काय तो त्यांना दिलासा. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि २०१५ साली तिला शिव्या घालणारे नाना आता सांगतात, “दहासारखी विंडोज झाली नाही.”

तेव्हा तुमच्याकडे नवा लॅपटॉप येणार असेल, तर पहिल्याच दिवशी रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह बनवा, फोटोंची एक प्रत दुसरीकडे काढा आणि मगच हळदीकुंकू वाहा. नानांनी ‘महत्त्वाचं काही नाही ना?’ विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी प्लग काढा.