भीतीचा मुहूर्त

बाळंतपणाला पूर्वी घाबरायचं तर अंदाजपंचे घाबरावं लागे. कळा पहाटे येतील की ऐन सत्यनारायणाच्या पूजेत, कुणालाच ठाऊक नसे. आणि एकदा त्या सुरू झाल्या की घाबरायला उसंत नसे. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये ही सवलत नाही. डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणतात, "गुरुवारी घेऊ. सकाळी आठला." भाजीवाल्याने 'मेथी उद्या आणतो' म्हणावं इतक्या सहज. मग त्या गुरुवारपर्यंतचे सगळे वार आपले, घाबरायला मोकळे.

माझ्या बाबतीत कारण होतं बाळाची बैठक. नववा सरत आला तरी बाळ डोकं वर करून, माझ्या बरगड्यांना टेकून निवांत बसलेलं. दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं अशी राहतात, बाकीची आपापली वेळेत फिरतात. कधी कधी डॉक्टर पोटावरून हातांनी बाळ फिरवून बघतात. माझं पाणी कमी असल्यामुळे तो बेत रद्द झाला. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा बाळांसाठी ठरवून केलेलं सिझेरियन जास्त सुरक्षित, असं त्यात दिसलं. त्यावर पुढे भरपूर वाद झाले, पण दवाखान्यांची रीत बदलली ती बदललीच.

घरी मात्र हे कुणी ऐकून घेतलं नाही, कारण आत्याने मधेच टाळी वाजवली. "अगं, म्हणजे पायाळू!"

पायाकडून जन्मलेलं माणूस पायाळू. त्याच्यावर वीज पडते म्हणतात, आणि कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूने पाय लावला की ती उतरते, असंही म्हणतात. आमच्या माहेरी उसण वंशपरंपरेने चालत आली आहे, त्यामुळे घरचाच पायाळू ही केवढी मोठी सोय! पण आत्याला लगेच शंका आली: सिझर केलं तर पायाळूपण लागू होतं का? काकांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेलेली. त्यांनी चष्मा काढून निकाल दिला, "वाट कुठलीही असो, नोंद पहिल्या अवयवाची. आधी पाय आला तर पायाळू." आई म्हणाली, वाट महत्त्वाची. संध्याकाळभर हा खटला चालला. ज्या पोटावरून तो चालला होता ते धरून मी तिथेच बसले होते, पण माझी साक्ष कुणी काढली नाही.

मग मुहूर्त. सासूबाईंनी गुरुजींकडून कागद आणला: मूळ नको, आश्लेषा नको, अमावास्या तर नकोच नको, राहुकाळ टाळावा. डॉक्टरांचाही एक कागद होता. त्यात ३९ आठवडे भरलेले हवेत, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. रक्ताची सोय हवी. आणि भुलीचे डॉक्टर मोकळे हवेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा गुरुवार सकाळ दोघांनाही मान्य निघाली, गुरुवारचा राहुकाळ दुपारी दीडनंतर. सासूबाईंनी तरी विचारून पाहिलं, आठच्या ऐवजी नऊ वाजून बारा मिनिटांनी जमेल का? डॉक्टर हसून म्हणाल्या, "भुलीच्या डॉक्टरांचा योग आठचाच आहे." इथे एक सांगते. तारीख मागेपुढे करायची मुभा असेल तेव्हा नक्षत्र बघायला माझी हरकत नाही, घरच्या माणसांना भीती घालवायला काहीतरी काम लागतंच. पण नक्षत्रासाठी बाळाला आठवडाभर आधी बाहेर ओढणं हा मूर्खपणा आहे, आणि तो करायला नकार देणाऱ्या डॉक्टरला मनापासून नमस्कार करावा.

भेटायला येणाऱ्यांचे दोन पंथ होते. एक हळहळणारा: "अरेरे, नॉर्मल नाही का?" दुसरा अनुभवी: "सिझरचं काही नाही गं, पण ते कंबरेतलं इंजेक्शन! माझी पाठ तेव्हापासून जी गेली ती गेलीच." पहिल्यांना काय सांगणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, खासगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी. त्यांतली काही गरज नसताना होतात हे खरंच आहे आणि त्यावर बोललंही पाहिजे. फक्त ज्या बाईचं परवा ऑपरेशन आहे तिच्या बाजेवर बसून, तिच्याच वाटचे लाडू खात बोलू नये. दुसऱ्या पंथाचं उत्तर मला पुढे भुलीच्या डॉक्टरांकडून मिळालं: टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण जन्माची पाठदुखी त्या सुईने येत नाही. नऊ महिने पोट आणि पुढे दोन-तीन वर्षं पोर उचलून पाठ दुखते, आणि आळ बिचाऱ्या इंजेक्शनवर येतो.

दिवसा माणसं होती म्हणून बरं. रात्री दोन वाजता मी, बाळ आणि मोबाइल. 'सकारात्मक विचार कर' असं मैत्रिणीने बजावलं होतं. रात्री दोनला सकारात्मक विचार येत नाहीत, लघवीला येतं. जाऊन आले आणि त्या सुईचा इतिहास वाचायला घेतला. अशा वेळी इतिहास वाचू नये म्हणतात. मला तरी तो लागू पडला.

१८९८ चा ऑगस्ट, जर्मनीतलं कील शहर. ऑगस्ट बीअर नावाच्या सर्जनने मणक्यात कोकेन टोचून रुग्णांचा कंबरेखालचा भाग बधिर करायला सुरुवात केली होती. खरंखोटं पाहायला त्याने आपल्या सहायकाला, हिल्डेब्रांटला, सांगितलं, माझ्या पाठीत टोच. सुई आत गेली आणि लक्षात आलं की सिरिंज सुईला बसतच नाही. मणक्यातलं पाणी गळत राहिलं. मग भूमिका बदलल्या. बीअरने हिल्डेब्रांटला टोचलं, आणि भूल चढली का हे पाहायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पायाला पेटती सिगार लावली. हिल्डेब्रांटला काही दुखलं नाही. खूश होऊन दोघे जेवले, वाइन प्याले, सिगार ओढल्या. दुसऱ्या दिवशी बीअरचं डोकं जे धरलं ते आठवडाभराहून जास्त सुटलं नाही, आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या. पहाटे तीनच्या सुमाराला मी अंधारात एकटीच हसत होते. नवऱ्याने दचकून विचारलं, "कळा?" मी म्हटलं, "हातोडा." तो उरलेली रात्र जागा होता.

दुसऱ्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांची भेट होती. बाई साठीच्या, कपाळावर चष्मा, पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की. "काय काय भीती वाटते ते सांगा," म्हणाल्या. मी यादीच काढली. भूल चढलीच नाही तर? "आधी गार स्पिरिट लावून बघतो, ते गार लागेनासं झाल्याशिवाय कुणी हात लावत नाही." मधेच उतरली तर? "दीड-दोन तास पुरते, आणि त्याहून जास्त लागलं तर आम्ही तिथेच असतो, घरी जात नाही." काहीच कळणार नाही? "कळेल. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल. दुखणार नाही." बीअरची डोकेदुखी? बाई खुलल्या. तेव्हाच्या सुया जाड होत्या, आता बारीक असतात. तरी कुणाकुणाचं डोकं धरतं, उठून बसलं की वाढतं, आणि त्यावर इलाज आहे. शेवटचा प्रश्न मी घाबरत घाबरत विचारला: ऐन वेळी शिंक आली तर?

"तर शिंकायचं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हात थांबवतील."

आठवडाभर सगळ्यांनी मला घाबरू नकोस म्हणून सांगितलं होतं. घाबरून काय काय विचारायचं ते विचार, असं म्हणणाऱ्या या पहिल्याच. त्या रात्री मी झोपले.

गुरुवारी सकाळी निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं आणि त्यांनाच आठवलं, पोट रिकामं हवं. ते दही नवऱ्याने खाल्लं. दवाखान्यात मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात म्हणून नेलपॉलिश पुसलं. सुजलेल्या पायातली जोडवी निघेनात, तेव्हा नर्स साबण घेऊन अशा जिद्दीने भिडली की मी पाच मिनिटं ऑपरेशन विसरले. संमतीपत्रावर सही करताना नवरा प्रत्येक ओळ वाचत होता आणि दर ओळीला थोडा पांढरा पडत होता. शेवटी त्यालाच खुर्ची दिली.

आत थंडी. पाठीचा कणा बाहेर येईल असं वाकून बसायचं, पोट मधे असताना. सुई टोचली ती मुंगी चावल्याइतपत, मग पाय गरम झाले आणि माझे राहिले नाहीत. डावीकडे जरा कललेलं निजवलं, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून. मळमळलं, तसं मी म्हणायच्या आत बाईंनी औषध दिलं. दात वाजायला लागले. तेही होतं म्हणाल्या. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर आणि नर्स हापूसच्या पेटीच्या भावावर बोलत होत्या. यंदा देवगड परवडत नाही, असं त्यांचं मत पडलं. मला विलक्षण धीर आला. माझ्या पोटात काही बिनसलं असतं तर आंब्याचा भाव निघाला नसता.

बाळ दहा मिनिटांच्या आत बाहेर, शिवणकामाला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ. रडणं ऐकू आलं. मुलगी. मी रडत रडत पहिला प्रश्न विचारला तो आत्याच्या वतीने. डॉक्टर म्हणाल्या, "पाय नाही, आधी बूड आलं." काकांच्या नियमाने पोरगी पायाळू ठरत नाही. आत्याला हा निकाल मान्य नाही, आणि उसण भरली की ती अजूनही तिलाच पाठीवर उभी करते.

तुमच्या ओळखीत कुणाची तारीख ठरली असेल तर आदल्या दिवशी जरूर भेटायला जा. आपल्या ऑपरेशनची गोष्ट घरी ठेवा, तिला काय काय विचारायचंय ते कागदावर उतरवायला मदत करा, आणि तो कागद भुलीच्या डॉक्टरांपर्यंत पोचेल असं बघा. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात थर्मासभर चहाही न्या. तिला तो चालणार नाही, पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याला लागेल.