रोडमॅपकाका

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या इंदिरानगरात पेढे आणि सल्ले एकदमच वाटले जातात. पेढे दोन दिवसांत संपतात. सल्ले मात्र पोरगं इंजिनिअर होऊन हिंजवडीत खोली घेईपर्यंत पुरतात. या सल्ल्यांचे घाऊक वितरक म्हणजे रोडमॅपकाका. कलानगर असो, राजीवनगर असो की चार्वाक चौकामागची गल्ली, प्रत्येक सोसायटीत एक तरी नग सापडतोच.

काकांनी साठी ओलांडलेली असते. पायात अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले बूट, डिसेंबर लागला की डोक्याला कानटोपी, आणि हातात मोबाइल. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर ते जॉगिंग सोडून बाकी सगळं करतात. ‘कोडिंग शिकायचंय’ एवढे दोन शब्द कुणी पुटपुटले की काकांची चाल मंदावते आणि जीभ वेग घेते. हायवेखालच्या बोगद्यात ट्रॅफिक तुंबलं तर काका हेल्मेटची काच वर करून शेजारच्या स्कूटीवरल्या पोराला विचारतात, “काय रे, कुठली लँग्वेज करतोयस?” पोराने काहीही सांगितलं तरी काकांचं उत्तर एकच असतं: “ती आता आउटडेटेड झाली.”

काकांकडे रोडमॅप असतो. तो एक पीडीएफ आहे. त्यात चौकोन आहेत, बाण आहेत, आणि पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत जायला साधारण दोन जन्म लागतील. मुलाने कधीतरी तो फॅमिली ग्रुपवर टाकला होता; तेव्हापासून काका तो प्रसादासारखा वाटतात. स्वतः उघडून पाहिलेला नाही, कारण अक्षर बारीक आहे.

मतं मात्र ठाम. “आधी सी. सीशिवाय पाया नाही,” हे पहिलं. त्यासाठी माळ्यावरून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ काढून देतात. पुस्तक उत्तम आहे, पिढ्या त्याच्यावर पास झाल्या. पण काकांच्या प्रतीची पहिली वीस पानं पिवळी आणि उरलेली कोरी करकरीत आहेत. सोबत टर्बो सीची निळी स्क्रीन हवीच, असा त्यांचा आग्रह. दुसरं मत: “जावा झाली की जावास्क्रिप्ट आपोआप होते.” दोन्ही १९९५ सालच्या, एवढं खरं. पण सगळे पाटील सख्खे भाऊ असतील तरच या दोघी बहिणी. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत लिहिला होता, हे काकांना मुलाकडून कळलं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ती शिकायलाही दहा दिवसच लागतात. पी हळद अन् हो गोरी. पायथॉन हे नाव ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडलं, अजगरावरून नव्हे, हे त्यांना एकाने सांगून पाहिलं. काका म्हणाले, “असेल. पण पॅकेज अजगराएवढं आहे की नाही?”

सर्टिफिकेटवर त्यांची अपार श्रद्धा. एमएस-सीआयटीच्या काळापासून प्रत्येक कागद लॅमिनेट करायची सवय. शेजारच्या एका मुलाने त्यांच्या सल्ल्याने जावा, पायथॉन, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी असे कोर्स ओळीने लावले आणि ओळीने सोडले. एक ना धड, भाराभर चिंध्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत आणि पैसे पडत नाहीत, असं कुणी सांगितलं तर काका भुवया उंचावतात. “फुकट? मग काहीतरी खोट असणार.” फुकट सल्ला वाटणाऱ्या माणसाने हे म्हणावं, यातली गंमत त्यांना दिसत नाही.

परवा ट्रॅकवर पहिल्या वर्षाची एक मुलगी त्यांच्या तावडीत सापडली.

“काका, माझा फॉर लूप थांबतच नाहीये.”

“लूपचं सोड गं, तू डायरेक्ट क्लाउड कर.”

“पण सबमिशन उद्या आहे.”

“तेच सांगतोय. उद्याचं जग क्लाउडचंच आहे.”

पुढे मशीन लर्निंग झालं, ब्लॉकचेन झालं, आणि शेवटी “आता एआय सगळं लिहून देतं, कोडिंग शिकायचंच कशाला?” इथवर गाडी आली. अर्ध्या तासात काकांनी तिला एक अख्खं करिअर दिलं आणि काढूनही घेतलं. पोरगी वैतागली, पण घरचं वळण चांगलं. विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, “काका, तुम्ही कंपनीत काय करायचात हो?”

“काही नाही गं. अंबडला होतो. सीएनसी लेथवर. प्रोग्रॅम लिहायचो.”

“प्रोग्रॅम?”

“ते काही कोडिंग नव्हे. जी-झीरो-झीरो म्हणजे टूल सुसाट जागेवर जातं, जी-झीरो-वन म्हणजे दिलेल्या फीडने कापत जातं, एम-थर्टी म्हणजे संपलं. आपलं कंपनीतलं काम.”

आता हे आपलं कंपनीतलं काम बघा. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ साली दाखवलं. काका ज्या सीला पाया म्हणतात, ती त्यानंतर वीस वर्षांनी आली. म्हणजे अंबड-सातपूरच्या शेडमध्ये तेलकट हातांनी प्रोग्रॅम लिहिणारी अख्खी पिढी इंदिरानगर-सिडकोत राहते आणि स्वतःला ‘नॉन-आयटी’ म्हणवते.

मुलीने विचारलं, “मग नवा प्रोग्रॅम लिहिला की तुम्ही लगेच चालवायचात?”

काका पहिल्यांदाच गप्प झाले. मोबाइल खिशात गेला. आवाज खाली आला.

“वेडी का काय? टूल जाऊन चकवर आदळेल ना. आधी जॉब न लावता हवेत चालवायचा. ड्राय रन. मग सिंगल ब्लॉकवर टाकायचा. एक ओळ चालली की मशीन थांबतं. टूल कुठे आलं ते बघायचं, कागदावरच्या आकड्याशी ताडायचं, मग पुढची ओळ. एक हात फीडच्या नॉबवर. आणि पॉइंट विसरायचा नाही. आमच्या जुन्या कंट्रोलवर एक्स पन्नासपुढे पॉइंट दिला नाही, तर पन्नास मिलिमीटरचे पन्नास मायक्रॉन व्हायचे. मशीन विचारत नाही, साहेब, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय. जे लिहिलंय तेच करतं. अलार्म आला तर आधी नंबर वाचायचा, मग मॅन्युअल उघडायचं, आणि मगच सुपरवायझरला शिव्या द्यायच्या.”

मुलगी घरी गेली आणि लूप एकेक ओळ करून चालवला. प्रत्येक फेरीला ‘आय’ची किंमत स्क्रीनवर छापली. दहापर्यंत चढायचं होतं. अधिकाच्या जागी उण्याची चिन्हं पडल्याने ‘आय’ शून्याखाली उतरत चालला होता. पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी ती आभार मानायला आली, तेव्हा काकांची छाती फुगली. “बघ! म्हणूनच सांगतो, क्लाउड कर.”

स्वतःचं खरं ज्ञान फुकट गेलेलं आणि उसनं ज्ञान जोरात खपतंय, हे या माणसाचं लक्षण. बाकी काका वाईट नाहीत. पोरांच्या काळजीपोटीच बोलतात. फक्त ज्यातलं कळतं ते सोडून बोलतात.

तेव्हा नव्याने कोडिंगला बसणाऱ्या मुलामुलींनो, भाषा कुठलीही घ्या. कॉलेजात जी लावली असेल ती चालेल, पण ती सोडू नका. रोज एक छोटा प्रोग्रॅम स्वतः टाइप करून चालवा. चूक दाखवणारा संदेश शेवटपर्यंत वाचा. एआयने लिहून दिलेला कोडही आधी सिंगल ब्लॉकवरच बघा. आणि ट्रॅकवर रोडमॅपकाका भेटले तर ‘काय शिकू?’ असं चुकूनही विचारू नका. ‘कंपनीत काय करायचात?’ एवढंच विचारा, आणि वही सोबत ठेवा.